ग्वाल्हेरच्या काचेवर कोळंबीची चरबी

मानवी ज्ञानाच्या सीमा ज्या प्रवासांनी रुंदावल्या, त्यांच्या यादीत माझ्या ग्वाल्हेरच्या प्रवासाची नोंद व्हायला हवी. अटलांटिक महासागराच्या तळाशी, जिथे उजेडाचा एक किरण कधी पोचला नाही, तिथले जीव या प्रवासात प्रथमच चंबळच्या मुलखात आले. ते पाच लहान कुप्यांमध्ये, पूड होऊन आले, आणि मी त्यांचा थर्मास शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याशेजारी ठेवला होता.

थर्मास माझ्याकडे कसा आला ते सांगायला हवं. आम्ही तिघं पुण्यात एकाच वर्गात प्राणिशास्त्र शिकलो. दिनकर परदेशी संशोधन-जहाजावर गेला, वसुधा आपल्या गावी, म्हणजे ग्वाल्हेरला, सरकारी कॉलेजात शिकवू लागली आणि मी पाठ्यपुस्तकांची भाषांतरं करू लागले. दिवाळीला दिनकर घरी आला तेव्हा त्याने वसुधासाठी या कुप्या आणल्या. जहाजावर गोठवून, पाणी काढून सुकवलेली कोळंबी: दोन कुप्या पिल्लांच्या, तीन मोठ्यांच्या. ग्वाल्हेरला जायला त्याच्याकडे वेळ नव्हता. माझ्याकडे असतो, असा भाषांतरकारांबद्दल सगळ्यांचाच समज आहे.

सोमवार : लष्कर

सन दोन हजारचा नोव्हेंबर संपत आला होता. मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं होऊन चार आठवडेही झाले नव्हते आणि शहरात थंडीखालोखाल एकच विषय होता: कुणाला तिकडे पाठवणार. ग्वाल्हेरात त्यासाठी एक क्रियापदच तयार झालं होतं. स्टेशनवर मला घ्यायला आलेल्या वसुधाने रिक्षात बसता बसता ते मला शिकवलं.

"गणितवाल्या जोशींचं रायपूर झालं. केमिस्ट्रीच्या मॅडमचं होता होता राहिलं."

"आणि तुझं?"

"गुरुवारी कळेल."

राज्याचे दोन भाग झाले म्हणून कॉलेजातले विभाग एक होणार होते. हा तर्क मला रिक्षात कळला नाही, नंतरही कळला नाही. प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र मिळून 'जीवविज्ञान' होणार, त्यात काही माणसं जास्त ठरणार, आणि जास्त ठरलेली छत्तीसगडच्या यादीत जाणार. त्यासाठी भोपाळहून तिघांची समिती गुरुवारी यायची होती. वसुधाची प्रयोगशाळा म्हणजे विभागाच्या मागची एक लांबट खोली. अकरा वर्षांत तिने ती एकेक बाटली जमवत उभी केली होती. नव्या विभागाला बैठकीसाठी खोली हवी होती. प्रयोगशाळा चालू आहे असं दिसलं नाही, तर खोली बैठकीला जाणार आणि वसुधा रायपूरला.

"म्हणून तुझी कोळंबी," ती म्हणाली. "गुरुवारी त्यांच्यासमोर प्रयोग करायचा. थर्मास नीट धर गं, नीला, खड्डा आहे."

वसुधाचं घर लष्कर भागात होतं; तिकडे फूलबागेच्या बाजूने जाताना तिने कारंजी आणि पुतळे दाखवले. मी थर्मासकडे बघत होते.

मंगळवार : टोपी बाजार आणि जेवणाचं टेबल

सकाळी न्याहारीला बेडई आली. ही उडदाच्या डाळीचं सारण भरलेली फुगीर पुरी, सोबत बटाट्याची तिखट पातळ भाजी, आणि तिखट निवलं नाही तोवर जिलबी. आमच्याकडे जिलबी लग्नात किंवा पंधरा ऑगस्टला भेटते. इथे ती मंगळवारी सकाळी आठ वाजता, काहीही कारण नसताना हजर होती. मला ही पद्धत फार सुसंस्कृत वाटली.

नंतर वसुधाची मुलगी गार्गी मला टोपी बाजारात घेऊन गेली. प्रयोगासाठी मेण हवं होतं, मधमाश्यांचं, खरं. गार्गी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं मराठी वाक्य मराठीत निघतं आणि कुठल्याही वळणावर हिंदीत उतरतं. "मावशी, तुम्ही ना, माझ्या मागेच चला, नहीं तो स्कूटर वाले आपको ले जाएँगे." गल्ली इतकी अरुंद होती की दोन्ही बाजूंचे दुकानदार आपल्या गाद्यांवरून न उठता एकमेकांशी भांडू शकत होते, आणि भांडत होते.

मेणवाल्याने ढेप काढली आणि विचारलं, "पूजा के लिए चाहिए या पैर फटे हैं?"

"झींगे के लिए," गार्गी म्हणाली.

तो जरा थांबला. "झींगे के पैर फटे हैं?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसले, पण मेणाची ढेप विकत घेताना आतून एक उकळी फुटत होती, कारण दुसऱ्या दिवशी तिचा महासागराशी संबंध येणार होता.

तो संबंध वसुधाने रात्रीच्या जेवणात समजावला. समुद्राच्या तळाला काही ठिकाणी भेगा आहेत. त्यांतून उकळत्यापेक्षाही तप्त पाणी काळ्या धुरासारखं वर उसळतं. आजूबाजूला मिट्ट काळोख, बर्फासारखं पाणी. तरी त्या धुराड्यांभोवती कोळंबीचे थवे असतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लगडलेले. उन्हावर वाढणारं काही तिथे नाही. त्या पाण्यातल्या रसायनांवर जिवाणू जगतात, कोळंबी ते जिवाणू आपल्याच कल्ल्यांच्या कप्प्यात जणू शेतीसारखे वाढवते आणि त्यांच्यावर जगते.

"पण पिल्लं तिथे राहत नाहीत," वसुधा म्हणाली. "ती वर, दूर, मोकळ्या समुद्रात भटकतात. तिथे वरून झिरपणारं अन्न असतं, म्हणजे शेवटी उन्हाचंच. ते खाऊन ती अंगात चरबी साठवतात. साधी नाही, मेणासारखी चरबी. साधी चरबी म्हणजे हातखर्च, लागली की मोडायची. मेण म्हणजे लांबच्या प्रवासाची शिदोरी. महिनोन् महिने भटकायचं, कुठलं तरी धुराडं सापडेपर्यंत पुरवायचं. पुढचं धुराडं कुठे आहे, आहे की नाही, कुणालाच माहीत नसतं."

"आणि धुराडं सापडल्यावर?" मी विचारलं.

"तिथलं खायला लागतात. शिदोरी हळूहळू संपते. मोठ्या कोळंबीच्या अंगात जी थोडी चरबी असते ती जिवाणूंची असते, तिथल्या मातीची म्हण. वरच्या उन्हाची खूण मिटत जाते."

वसुधाचे यजमान माधवराव हे ऐकून घास हातात धरून बसले. त्यांचं घराणं दख्खनेतून फौजेबरोबर आलं. ते स्वतः बँकेत आहेत आणि पालीला घाबरतात. "म्हणजे हे आमचंच झालं म्हणायचं," ते गंभीरपणे म्हणाले. "आमचे पूर्वज शिदोरी बांधून निघाले, नर्मदा ओलांडली, चंबळच्या काठी..."

"बाबा," गार्गी म्हणाली, "हर चीज़ में हम लोग नहीं होते."

"आमटी वाढ त्यांना," वसुधा म्हणाली. त्या आमटीत गूळ नव्हता, आमसूल नव्हतं, वर हिंगाचा आणि लाल मिरचीचा तडका होता आणि तिला घरात सगळे 'दाल' म्हणत होते. माधवरावांच्या मुद्द्यात तथ्य होतं, पण मी त्यांना तसं कळू दिलं नाही.

बुधवार : मागची खोली

मागची खोली म्हणजे एक सिमेंटचा ओटा, दोन कपाटं, एक जुना फ्रिज आणि बैजनाथ. फ्रिजमध्ये रसायनांच्या वरच्या कप्प्यात प्राचार्यांचं दही असे. बैजनाथ हा प्रयोगशाळेचा परिचर. तो शहरातल्याच मुरार भागातला, घरचा धंदा मिठाईचा. मी आत गेले तेव्हा तो काचा थापत होता.

या काचा हेच सगळं यंत्र. तळहाताएवढ्या काचेवर पांढऱ्या पुडीचा ओला लगदा पातळ पसरायचा आणि वाळवायचा. परदेशात त्या तयार मिळतात. इथे बैजनाथ त्या कलाकंद थापावा तशा थापतो, एका सरळ हाताने, शेवटी काचेला खालून टिचकी मारून. थर इतका एकसारखा की वसुधा म्हणाली, "मी करते तेव्हा चंबळच्या खोऱ्यासारख्या घळी पडतात." वीज गेली होती म्हणून काचा गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवल्या. एक कावळा येऊन बघून गेला.

"नाश्ता किया, दीदी?" बैजनाथने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पुडा पुढे केला. गजक होती. तिळाची, गुळाची, पदरापदरांची, दाताखाली येताच कागदासारखी चुरणारी. थंडीत हे गाव गजकेवर चालतं. मुरारच्या एका दुकानाचा शिक्का पुड्यावर होता, खाली लाल अक्षरांत 'शुद्ध देशी घी'. मी दोन तुकडे खाल्ले, मग भिडस्तपणा सोडून आणखी दोन.

वसुधाने एक पिल्लाची आणि एक मोठीची कुपी फोडली. पुडीत द्रावक घालून हलवलं, गाळलं. चरबी त्या थेंबांत उतरली. मग काचेच्या खालच्या कडेजवळ पेन्सिलीने रेघ ओढली आणि त्या रेघेवर चार ठिपके द्यायचे ठरले. डावीकडून पहिली मोठी कोळंबी, मग पिल्लू, मग ओळखीसाठी टोपी बाजारचं मेण आणि शेवटी घरचं तूप.

"पहिला ठिपका तू दे," वसुधा म्हणाली. "तू आणलीस त्यांना इतक्या लांबून."

मी भाषांतरात हजारो प्रयोग केले आहेत, हाताने एकही नाही. रुमालाला हात पुसले. डाव्या हाताने काच डाव्या कडेला, रेघेजवळ धरली आणि केसासारख्या बारीक नळीने ठिपका दिला. उरलेले तीन वसुधाने दिले. काच बरणीत उभी केली, तीही मीच, वरून धरून. बरणीच्या तळाला रेघेपर्यंत पोचणार नाही इतकंच द्रावक होतं. ते थरातून वर चढू लागलं, टीपकागदातून शाई चढते तसं, आणि चढताना चरब्यांना बरोबर नेऊ लागलं. जिची जशी जात तशी ती कमीजास्त उंची गाठते. मेण सर्वांत वर, साधी चरबी त्याखाली, आणि पेशींच्या पडद्यांतली चरबी जागची हलतच नाही.

पाऊण तास आम्ही एका पांढऱ्या काचेकडे पाहत बसलो. तिच्यावर काहीही दिसत नव्हतं. इतकं उत्कंठावर्धक काही मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग काच आयोडीनच्या बरणीत गेली. जांभळी वाफ, आणि पांढऱ्यावर हळूहळू तपकिरी डाग उमटू लागले. मेण वर. तूप त्याखाली, दोन डोक्यांचं, कारण तुपातली काही चरबी जरा मागे रेंगाळते. आणि पिल्लू! पिल्लाच्या रांगेत बरोबर मेणाच्या उंचीला एक भलामोठा गडद डाग. कधी सूर्य न पाहिलेल्या जागी निघालेल्या त्या बोटभर जिवाने बांधून घेतलेली शिदोरी माझ्यासमोर होती, चंबळच्या उन्हात वाळवलेल्या काचेवर. मी ओरडले. बैजनाथही ओरडला, मला वाटतं सोबत म्हणून.

"बाहेरच्यांनी हे आधी पाहिलंय," वसुधा म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता. "इथे नव्हतं पाहिलं कुणी." आणि मग ती एकदम वाकली. "हे काय आहे?"

मोठ्या कोळंबीच्या रांगेत, जिथे जवळजवळ काही असायला नको, तिथे तुपाच्या उंचीला एक ठसठशीत डाग होता. एका डोक्याचा. साध्या चरबीचा.

"मोठीपण साठवते?" मी म्हणाले. "म्हणजे हे नवीन आहे!"

"नवीन आहे किंवा चूक आहे," वसुधाने डागांभोवती पेन्सिल फिरवली, कारण आयोडीन लवकर उडतं. "उद्या दुसरी काच होईपर्यंत कुणाला एक शब्द नाही."

सोहळे, सत्कार आणि घोषणा यांच्याविषयी मी आयुष्यभर कडवट विनोद करत आले आहे. त्या दुपारी दही घ्यायला आलेल्या प्राचार्यांनी 'काही मिळालं का?' असं विचारल्यावर त्यांना सगळं सांगितलं ते मीच.

गुरुवार : तीच खोली, जास्त माणसं

सकाळी फाटकावर कापडी फलक होता: 'ग्वालियर की धरती पर महासागर की खोज'. धरती आणि महासागर एकाच ओळीत बसवल्याचं समाधान प्राचार्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वसुधाने फलक वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे दहा मिनिटं माझ्याशी बोलली नाही. ती शिक्षा योग्य होती.

समितीच्या तिघांना हार घातले, प्रत्येकाला गजकेचे चार-चार पुडे दिले. अध्यक्ष जाडजूड आणि कंटाळलेले होते. प्राचार्यांच्या भाषणात ऋषी, मंथन, अमृत आणि विद्यापीठ अनुदान हे त्याच क्रमाने आले. मग सगळी वरात मागच्या खोलीत घुसली. वसुधाने चारही ठिपके स्वतः दिले. पाऊण तासाने काच आयोडीनमध्ये गेली. मेण आलं, दोन डोक्यांचं तूप आलं, पिल्लाची शिदोरी कालच्याच जागी तशीच आली.

मोठीची रांग तळाशी जरा तपकिरी होती. वर काही नव्हतं.

"वो बड़ा वाला कहाँ है?" अध्यक्षांनी विचारलं. "प्रिंसिपल साहब तो कह रहे थे..."

प्राचार्य वसुधाकडे पाहत होते. 'थोडं फिकट आलंय' एवढं म्हणून तिला वेळ मारून नेता आली असती. रायपूर त्या एका वाक्याइतकं दूर होतं. ती कपाटाकडे गेली, कालची काच काढली आणि पुन्हा आयोडीनच्या बरणीत ठेवली. डाग परत उमटले. तिने भिंग घेतलं आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात धरलं. काल तिकडे आम्ही पाहिलंच नव्हतं, कारण द्रावक तिथवर पोचलं नव्हतं. तिथे एक तपकिरी, लंबगोल, रेघारेघांचा ठसा होता.

"नीला," ती म्हणाली, "अंगठा दाखव."

मी दाखवला.

"काच धरायच्या आधी काय खाल्लं होतंस?"

माझ्याआधी बैजनाथ बोलला. त्याच्या आवाजात यजमानाचा अभिमान होता. "गजक, मैडम जी. चार टुकड़े."

वसुधा समितीकडे वळली आणि तिने स्वच्छ हिंदीत सांगितलं की काल दिसलेला डाग कोळंबीचा नव्हता, तिच्या पाहुण्या मैत्रिणीच्या अंगठ्याचा होता, पाहुणीला काच धरू देणं ही तिची स्वतःची चूक होती, आणि पिल्लाचा डाग मात्र दोन्ही वेळा आला म्हणून तेवढाच खरा धरावा. "शक असेल तर दाखवते. गजक आहे कुणाकडे?" शेवटची दोन वाक्यं तिची मराठीतच गेली, पण 'गजक' सगळ्यांना कळलं.

अध्यक्षांनी आपल्या पिशवीतला पुडा काढला. तेच दुकान, तीच लाल अक्षरं. पुन्हा काच, या वेळी गजक आणि घरचं तूप शेजारी शेजारी, पुन्हा पाऊण तास. या खेपेला मात्र अध्यक्ष खुर्ची ओढून बरणीसमोर बसले, चहा निवला तरी उठले नाहीत. महासागराच्या तळाने जे साधलं नव्हतं ते त्यांच्या स्वतःच्या पुड्याने साधलं होतं.

डाग उमटला. तुपाच्या उंचीला. कालच्या माझ्या डागाशी तंतोतंत जुळणारा. एका डोक्याचा.

"सिद्ध झालं," वसुधा म्हणाली. मी जमिनीकडे पाहत होते. पण अध्यक्ष काचेला नाक लावून बसले होते.

"मैडम, घी के दो सिर हैं।"

"हो. जी."

"और इसका एक।"

"जी."

"तो इसमें घी..."

वसुधाने एक क्षण विचार केला. "इस तरीके से दिखे, इतना तो नहीं है. जो है, तिल का तेल है."

अध्यक्षांनी पुड्यावरची लाल अक्षरं वाचली, मग उरलेले तीन पुडे एकेक करून टेबलावर ठेवले. "मैं बारह साल से ले जा रहा हूँ," ते म्हणाले. आवाजात असं काही होतं की प्राचार्यांनी आपोआप मान खाली घातली. बैजनाथ मुरारचा असल्यामुळे तो बाहेर कठड्यावरच्या काचा बघायला गेला.

परतल्यावर

निघताना वसुधा स्टेशनवर म्हणाली, "तुझा अंगठा नसता तर मी तिसरी काच केलीच नसती." हे माफ करणं होतं की नाही, ते मी ठरवलेलं नाही.

जानेवारीत तिचं पत्र आलं. तिचं रायपूर झालं नाही. खोली राहिली. समितीचा अहवाल तिने वाचला होता. त्यात कोळंबी, महासागर किंवा शिदोरी यांचा उल्लेख नाही. दारावर नवी पाटी लागली आहे, 'घृत परीक्षण कक्ष, समय ११ से १', आणि लग्नसराईमुळे बाहेर रांग असते. मोठ्या कोळंबीची उरलेली कुपी फ्रिजमध्ये सुखरूप आहे. ती प्राचार्यांच्या दह्याच्या आणि अध्यक्षांनी भोपाळहून तपासायला पाठवलेल्या तुपाच्या बरणीच्या मागे ठेवली आहे.